बिनतेलाची भुकटी

अमरावतीचे लोक चिखलदऱ्याला गाडीनं जातात, पॉइंट पाहतात, रबडी खातात आणि संध्याकाळी घरी येतात. आम्ही चौघी पायी गेलो, वाटेत मुक्काम करून. आल्यापासून जो तो विचारतो, कसा होता डोंगर? माझा नवराही म्हणाला, दरीचं काही सांग, जंगलाचं सांग. पण खरं सांगायचं तर पहिला सगळा दिवस मी डोंगर पाहिलाच नाही. मी पुढे चालणाऱ्या शाहीनची पाठ पाहत होते, आणि त्या पाठीवरची एवढीशी पिशवी. माझ्या पोटात त्या पिशवीपायी जी आग पडली होती, ती अजून पुरती विझलेली नाही. तेव्हा प्रवास त्या आगीसकटच सांगते.

अमरावती

आमच्या चौघींत सर्वांत मोठ्या वानखडे बाई. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. नलू ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, शिवणक्लास चालवते. मी मंदा, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आम्ही तिघी कितीतरी वर्षं हिवाळ्यात कुठेतरी पायी जातो. त्यात माझं काम ठरलेलं. शिधा माझ्या पाठीवर. शेंगदाण्याची लसणाची चटणी, तीळ-शेंगदाण्याचे लाडू, पोहे, मसाला आणि तेलाची बाटली. आणि नलूचं काम म्हणजे खाणं. तिला तासातासाला भूक लागते, म्हणून ती नेहमी शिध्याच्या पिशवीशेजारी झोपते. पिशवी माझ्या तंबूत, म्हणून नलू माझ्या तंबूत. दिवे मालवल्यावर आम्ही दोघी आडव्या पडून गावभरच्या लोकांची जी काही धुलाई करतो, त्यासाठी मी वर्षभर थांबलेली असते. डोंगर हे निमित्त आहे.

या वेळी चौथी आली. शाहीन, अकोल्याच्या जुन्या शहरातली. घरची तेलघाणी, स्वतः उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. नलूला ती कुठल्याशा शिबिरात भेटली आणि नलूनं तिला परस्पर ‘चाल आमच्यासंगं’ म्हणून सांगून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. वयानं आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, गुडघे शाबूत, आणि हसली की गालाला खळी पडते. एवढं सगळं एकाच बाईला देण्याची काही गरज नव्हती.

बसस्टँडवर गिला वडा खाऊन झाल्यावर बाईंनी रद्दीवाल्याकडून मागून आणलेला हुकाचा काटा काढला आणि सगळ्यांच्या पिशव्या टांगून पाहिल्या. कारण मे महिन्यात आम्हाला हिमाचलातली एक खिंड ओलांडायची आहे. तिथे खेचरं नाहीत, हमाल नाहीत, जे खायचं ते आपल्याच पाठीवर.

“हा सराव हाय,” बाई म्हणाल्या. “ज्या शिध्यावर तुमी इथं नीट चालान, तोच शिधा वर जाईन. आणि ज्याचा शिधा, पिशवी त्याच्याच पाठीवर.”

नलूनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. म्हणजे काळजी नको, चटणीच जिंकणार. मग माझी पिशवी काट्याला लागली आणि काट्याची सुई अशी काही खाली गेली की शेजारचा ऑटोवाला म्हणाला, “काकू, संत्री भरली का काय?” शाहीननंही स्वतःचा वेगळा शिधा आणला होता, पण तिच्या पिशवीनं सुई जेमतेम हलली.

डोंगराचा पायथा

परतवाड्यापर्यंत बस, पुढे पायथ्याच्या गावापर्यंत ऑटो. वनखात्याची परवानगी बाईंनी आधीच काढली होती आणि वाट दाखवायला शिवलाल नावाचा कोरकू गडी ठरवला होता. तो गावाच्या टोकाला उभाच होता. संत्र्यांच्या बागांमधून वाट निघाली. झाडं फळांनी वाकलेली, तुरीची सोंगणी चाललेली. एका बागेतल्या म्हातारीनं बळेबळे आमच्या ओटीत संत्री घातली. नाही म्हणायची सोय नाही, आमच्या भागात नाही म्हटलं की दुप्पट देतात. ती संत्रीही कोणाच्या पिशवीत गेली ते सांगायला नकोच.

चढ सुरू झाला तसं माझं तोंड बंद झालं आणि शाहीनचं उघडलं. ती झाडांची नावं विचारत होती, शिवलाल सांगत होता, नलू तिच्यामागून उड्या मारत चालली होती. ही तीच नलू, जी दरवर्षी माझा हात धरून चढते. सागाची पानं पायाखाली करकर वाजत होती आणि माझ्या पाठीवर पट्टा एकाच जागी काचत होता.

ओढ्याकाठी बसलो तेव्हा शाहीननं पिशवीतून एक पाकीट काढलं. आत बेसनासारखी पिवळसर, शेंगदाण्याची भुकटी. दोन चमचे वाटीत घेतली, बाटलीतलं पाणी थेंब थेंब घालून फेटली आणि बघता बघता तिचं मऊ लोण्यासारखं काहीतरी झालं. ते तिनं पोळीवर फासलं.

“जिममधली पोरं डबे भरून पीनट बटर नेतात न, थेच हाय,” ती म्हणाली. “फक्त तेल काढलेलं. मंग वजन नाई, गळणं नाई, खवट होनं नाई. पाणी कुठंबी भेटते, मंग थे कायले उचलून न्यायचं?”

नलूनं बोट लावून चाटलं आणि डोळे मिटले. “मंदे, चाखून तर पाह्य वं! भल्लं गोड लागते!”

“ढेप हाय थे,” मी म्हटलं. “फल्लीदाण्यातून तेल काढलं की काय राह्यते? ढेपच. आमच्या घरी म्हैस खात होती.”

वाटलं, आता लागेल तिला. पण शाहीन मोठ्यांदा हसली.

“बरोबर बोलल्या मंदाताई. ढेपच हाय. अम्मी बी हेच म्हणते. फक्त दाणे भाजून, सालं काढून, साफ करून दाबलेली, मंग दळलेली. म्हशीची वेगळी, आपली वेगळी.”

तिला राग येत नाही, हा तिचा आणखी एक दोष. भांडायला आलेल्या माणसानं मग जावं कुठे? मी माझा चटणीचा डबा उघडला. बाईंनी थोडी घेतली, शिवलालनं घेतली. नलू म्हणाली, “मले राहू दे, माहं पोट भरलं.” इतक्या वर्षांत नलूच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

शिवलालचं अंगण

दुपार कलताना शिवलालच्या गावात पोचलो. कोरकूंची घरं समोरासमोर दोन ओळींत, मधून रुंद रस्ता, भिंती शेणामातीनं सारवून कडेनं पांढरे पट्टे ओढलेले. शिवलालच्या बायकोनं, फुलवंतीनं, अंगणाचा एक कोपरा झाडून आम्हाला तंबू लावायला दिला. आमच्या घरी पाहुणा जेवायला बसला की ‘अजून घ्या, अजून घ्या’ म्हणून त्याचा जीव घेतात. इथे कुटकी या बारीक तृणधान्याचा भात आणि डाळीचं भांडं मधोमध ठेवलं, सगळे गोल बसले, ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं घेतलं. कुणी कुणाच्या ताटाकडे पाहिलं नाही. मला ही पद्धत फार आवडली. मी मात्र पूर्ण वेळ नलूच्या ताटाकडे पाहत होते, कारण त्यात शाहीनची भुकटी होती. शाहीननं फुलवंतीलाही चाखायला दिली. तिनं विचार करून सांगितलं, “नमक कम है.” त्या बाईचा हात हातात घ्यावासा वाटला मला.

तंबूत पिशवी उघडली आणि माझं नशीबच उघडं पडलं. चढावर चटणीच्या डब्याचं झाकण सैल झालं होतं. चटणीवरचं तेल सुटून पिशवीभर पसरलेलं, माझी चादर पिवळी, मोजे पिवळे, आणि त्या तेलाच्या वासानं मेळघाटातल्या सगळ्या मुंग्या माझ्या तंबूत जमा झालेल्या. लाडवांचा डबा घट्ट होता म्हणून वाचला. तेलाची बाटलीही शाबूत होती. चटणी मात्र गेली.

नलू दारातूनच ओरडली, “अगं माय! मुंग्या किती वं! मले चावतात. आजच्या दिवस मी शाहीनकडं निजीन.”

“झटकून देते न मी.”

“नाई वं, राहू दे. आजच्या दिवस.”

आणि चादर उचलून निघाली. उशीसुद्धा घेऊन गेली. एका दिवसासाठी कोणी उशी नेतं का?

माझ्या वाट्याला वानखडे बाई आल्या. बाईंचं घोरणं म्हणजे थ्रेशर चालू. पण त्याहून वाईट म्हणजे त्या घोरण्याच्या मधल्या फटीत पलीकडच्या तंबूतलं हसू ऐकू यायचं. नलूचं ते खीखी मला पाठ आहे. ती अशी हसते तेव्हा कोणाची तरी धुलाई चाललेली असते. माझीच असेल, असं मनात आलं आणि मग दुसरं काही येईना. मी सरळ सांगते, मला त्या पाकिटाला भोक पाडावंसं वाटत होतं.

गाविलगड

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू आणि शाहीन दोघींनी भुकटी फासलेल्या पोळ्या खाल्ल्या. बाईंनीही खाल्ली आणि “सोय चांगली हाय बरं” असा शेरा दिला. बाईंचा शेरा म्हणजे निकाल. मी त्या भुकटीला हात लावणार नाही असं मनाशी ठरवलं होतं, म्हणून कोरडे पोहे आणि दोन-तीन लाडू खाऊन निघाले.

गाविलगड मोठा गड आहे. एकामागून एक दरवाजे, पडलेली तटबंदी, दगडी मशीद, गवतात पडलेली लांबलचक तोफ, आणि मधे निळंशार तळं. खालून दरीतून वारा येत होता. शाहीननं मशिदीच्या पायरीशी थांबून दुआ मागितली, बाईंनी तोफेच्या तोंडात हात घालून पाहिला, शिवलालनं अस्वलाची विष्ठा दाखवली. गडावर आणखी पुष्कळ आहे, पण माझ्या लक्षात राहिला तो तळ्याचा काठ. कारण तिथे नलू बसली ती उठेचना.

“मंदे, पाय उचलून नाई राहिले वं,” ती म्हणाली. चेहरा उतरलेला.

शाहीनही तळ्याच्या दगडाला टेकून उभी होती, ओठ कोरडे. “पोट तर भरलं होतं,” ती स्वतःशीच म्हणत होती. “सकाळी तीन पोळ्या खाल्ल्या. मंग अशी गळल्यावानी काहून झाली?”

मला जे वाटलं ते लिहायला संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. मला आनंद झाला. असा स्वच्छ, गार आनंद की मी पिशवी खाली ठेवली, पट्टे सावकाश सोडले, लाडवांचा डबा काढला आणि तो उघडायलाही वेळ लावला. नलूनं हात पुढे केला. मी म्हटलं, “पोट भरलं होतं न तुहं?”

“दे न वं! किती भाव खाशीन!”

दिला. बाईंना दिला, शिवलालला दिला. शाहीननं मागितला नाही. तिलाही दिला, पण डब्यातला सर्वांत लहान. निवडून.

तिनं तो खाल्ला आणि बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “चूक माहीच हाय मंदाताई. मी वजनच पाह्यलं. दिवसभर चालवते थे तेल. आणि थेच मी अकोल्याले सोडून आली.” शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ती, चूक झाली की लगेच मान्य. मला माझी चूक मान्य करायला चार दिवस लागतात. याचीही मला चीड आली.

चिखलदरा

गडावरून उतरून चिखलदऱ्याच्या कडेला शिवलालच्या साळ्याच्या अंगणात मुक्काम केला. थंडी अशी की पाण्यात बोट घालवत नव्हतं. चूल पेटवली, भात शिजला. शाहीननं भुकटी पातळ करून रस्सा शिजवायला ठेवला. बाईंनी चमचाभर चाखला आणि चमचा खाली ठेवला. पांढरट, सपक, आजारी माणसाच्या पेजेसारखा होता तो. शाहीनचा चेहरा पडला. बाई चुलीपाशी बसून आमच्या दोघींकडे पाहत होत्या, आणि मला कळत होतं की मे महिन्याचा निकाल या पातेल्यात आहे.

मी गप्प बसले असते तर जिंकले असते. पण वऱ्हाडातल्या बाईसमोर सपक रस्सा शिजत असेल आणि तिनं गप्प बसावं, हे होत नाही. माझा हात आपोआप पिशवीत गेला. कढईत तेल तापवलं, मोहरी, ठेचलेला लसूण, लाल तिखट, माझा काळा मसाला. खमंग धूर उठला, शिवलालचा साळा खोकत बाहेर गेला. ती फोडणी मी चरचर आवाज करत शाहीनच्या पातेल्यात ओतली आणि ढवळलं. दोन उकळ्या आल्या आणि वर लाल तर्री चढली. खाली ती भुकटी अशी काही दाट आणि मऊ झाली होती की आम्ही घरी दाणे कुटून करतो त्या रश्श्यालाही येत नाही. नलूनं तीनदा भात घेतला. बाईंनी ताट बोटानं पुसून घेतलं. मीही ती भुकटी खाल्ली, पहिल्यांदा. गुपचूप दुसऱ्यांदाही घेतली.

शाहीन मात्र जेवता जेवता थांबली होती. ती चुलीशेजारच्या माझ्या बाटलीकडे पाहत होती.

“मंदाताई, हे तेल कुठलं?”

“माही नणंद अकोल्याले राह्यते, थे पाठवते. काहून?”

तिनं बाटली उचलली, पिवळं झाकण फिरवून आतला शिक्का पाहिला, वास घेतला आणि हसत सुटली. “हे झाकण आमचं हाय! आमच्या घाणीचं तेल हाय हे!”

आधी कळलं ते बाईंना. “म्हणजे पाह्य,” त्या बोटांवर सांगू लागल्या, “शाहीननं अकोल्याले फल्लीदाण्यातून तेल काढलं. काहून, त वजन नको. थे तेल गेलं मंदाच्या नणंदेकडं. थितून आलं अमरावतीले. अमरावतीहून मंदानं थे पाठीवर घेऊन अख्खा डोंगर चढवला, आणि आता पुन्हा त्याच फल्लीदाण्यात ओतलं!” पुढे त्यांना बोलता येईना. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या आणि चुकून शिट्टीच वाजवली.

सगळे हसले. मीही हसले, पण आतून नुसती खदखदत होते. म्हणजे ही बाई दोन दिवस हरणासारखी पुढे पळाली, खळ्या पाडत राहिली, माझी नलू पळवून नेली, आणि तिच्या पाठीवरून जे उतरलं ते वजन माझ्या पाठीवर होतं! पिशवी हलकी झालीच नव्हती. फक्त ती मी उचलत होते.

“निकाल सांगते,” बाई म्हणाल्या. “भुकटी हलकी हाय, गळत नाई, मुंग्या लागत नाईत. थे जाईन. पण तेल-मसाल्याबिगर थिचा उपयोग नाई, म्हणून थे बी जाईन. भुकटी मंदाच्या पाठीवर, तेल शाहीनच्या. थिचे गुडघे नवे हायेत.”

मी नलूकडे पाहिलं. शिधा दोन ठिकाणी झाला, तर नलू कुणाकडे? नलूच्याही मनात तेच आलं असावं, कारण ती म्हणाली, “मंग मी कोणाच्या तंबूत?”

“माह्या,” बाई म्हणाल्या. “सैपाक दोघींचा, मंग दोघी एका तंबूत. वाटण्या करत बसू नका.”

परतीच्या गाडीत नलू खिडकीशी बसली आणि अमरावती येईपर्यंत डोळे मिटून राहिली. मी आणि शाहीन मागच्या सीटवर, मधे दोघींच्या पिशव्या. मला तेव्हाही वाटत होतं की मी नलूला हरवून बसले. खिडकीतून परतवाड्याच्या बागा गेल्या तरी कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

अकोला, जुने शहर

गेल्या शनिवारी मी अकोल्याला गेले, मे महिन्याची भुकटी करायला. मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुन्या शहराच्या गल्ल्या सुरू होतात. ऑटो एका ठिकाणी थांबला, पुढे चालत. घाणीचं घर दुरूनच कळतं, गल्लीभर ताज्या तेलाचा वास. लाकडी घाणी आता मोटरवर फिरते. भाजून सोललेले दाणे आत जातात, एका बाजूनं तेल निथळतं, दुसरीकडून ढेपेचे चुरे पडतात. शाहीनच्या अम्मीनं मला त्यातला गरम चुरा गुळासोबत खायला दिला आणि म्हणाली, “तूच का ढेप म्हननारी? बस, पहले चाय पी.” मी खाली मान घालून चहा प्यायले.

मग आम्ही दोघी ओसरीवर बसून दळलेली भुकटी चाळायला लागलो. शाहीनच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचे किस्से निघाले, मग माझ्या ग्रंथालयातल्या एका साहेबांचे, मग नणंदेचे. ही बाई धुलाईतही नलूच्या तोडीची निघाली. आम्ही नाकातोंडात भुकटी जाईपर्यंत हसत होतो, तेवढ्यात नलूचा फोन आला.

“काय करून राहिली वं?”

“भुकटी चाळून राहिली.”

“आज? मले नाई सांगितलं!” जरा थांबून, “थे हसून कोण राहिलं?”

“शाहीन.”

“कायले?”

“काई नाई वं. असंच.”

दुसऱ्याचं हसू लांबून ऐकताना काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं. शिवलालच्या अंगणात, बाईंच्या शेजारी पडून, मी ते भोगलं होतं.

“उद्या बी हायेस का तिथं?” नलूनं विचारलं. “सकाळच्या गाडीनं येईन म्हणते मी.”

“ये न, उद्या अजून गंजच, पोतंभर काम हाय,” मी म्हटलं, फोन ठेवला आणि शाहीनला म्हणाले, “आण वं थे उरलेलं पोतं, आजच चाळून टाकू, नलूसाठी काई ठेवायचं नाई.”